तोंडवळा आपलाच राहू दे

बिरवाडीच्या, महाडच्या, पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्या आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरींनो, आज आपण चेहऱ्याबद्दल बोलू. चेहऱ्यावर काय लावावं हे आम्ही थोडंच सांगणार आहोत. बायकांच्या आणि माणसांच्या चेहऱ्यावर आजवर काय काय केलं गेलं, त्याचा इतिहास मात्र जरा सविस्तर सांगणार आहोत.

लगीनसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपल्यावर हा विषय हमखास निघतो. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला बघायला येणार असतात. मग फेशियल कुठे करायचं, ब्लीच करायचं की नाही, कुठल्या क्रीमने आठ दिवसांत फरक पडतो, अशी चर्चा सुरू होते. हल्ली त्यात सुयांची भर पडली आहे. कपाळावरच्या आठ्या घालवणारं इंजेक्शन, ओठ भरणारं इंजेक्शन, अशा जाहिराती प्रत्येकीच्या मोबाईलवर येतात. एखादी हळूच म्हणते, "करू दे तिला काय करायचं ते, पण पोरगी ओळखू आली पाहिजे." आम्हाला वाटतं, या एका वाक्यात सगळं शहाणपण आहे. हे शहाणपण नवं नाही, आणि ते विसरल्यावर काय होतं, तेही इतिहासात लिहिलेलं आहे.

घाटावरची एक जुनी गोष्ट

चेहऱ्याची शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, नाहीतर परदेश. पण जगभरच्या डॉक्टरांना ज्या शस्त्रक्रियेने नवी वाट दाखवली, ती आपला वरंध घाट चढून गेल्यावर जे पुणं लागतं, तिथली आहे.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी होता. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामाला होता. टिपूच्या कैदेत सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच, बिननाकाचा राहिला. नाक कापलं जाणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. आपल्या भाषेत अब्रू गेली, हे सांगायलाही 'नाक कापलं' असंच म्हणतात. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हे काम मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची हकिकत चित्रासह छापून आली.

ते काम कसं केलं, ते ऐका. आधी मेणाची पातळ चकती त्या माणसाच्या कापलेल्या नाकावर नीट बसवून माप घेतलं. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ मारली. तेवढीच कातडी कपाळावरून सोडवली. पण दोन भुवयांच्या मधे ती जोडलेली ठेवली, म्हणजे तिचा रक्तपुरवठा चालू राहिला. ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला काय वापरलं? पाण्यात भिजवलेला कात. आपण विड्यात घालतो तोच. कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. नाकपुड्या मिटू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला जोड कापला. हकिकत लिहिणाऱ्याने म्हटलं आहे की हे नाक जवळजवळ मूळ नाकासारखंच दिसतं, आणि काही काळाने कपाळावरचा वणही फारसा दिसत नाही.

ती हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१४ साली तीच शस्त्रक्रिया केली, आणि पुढे ती युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करायची ही रीत डॉक्टर आजही वापरतात.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच. त्या कारागिराने नवा चेहरा घडवला नाही. माप घेतलं, लागेल तेवढीच कातडी उचलली, आणि घाई केली नाही. कावसजीलाही राजबिंडं व्हायचं नव्हतं. त्याला स्वतःचा चेहरा परत हवा होता. चेहऱ्यावरचं चांगलं काम कसं असतं, याचा हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे.

आजीच्या फडताळातलं

आता घरात येऊ. आपल्या आज्या-पणज्या चेहऱ्याला काय लावत होत्या? डाळीचं पीठ, साय, हळद. दिवाळीत उटणं. लग्नाच्या आधी नवरीला हळद, आणि उरलेली उष्टी हळद नवऱ्याला, नाहीतर नवऱ्याची नवरीला, जसा ज्याचा रिवाज. दिव्याच्या काजळीचं काजळ. कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू. हळदीला चुना किंवा खार लागला की ती लाल होते, हे आपल्याला स्वयंपाकघरात रोज दिसतं. जुनं कुंकू याच गुणावर तयार व्हायचं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. संध्याकाळी तोंड धुतलं की ते निघून जायचं. सकाळी आरशात पुन्हा तोच चेहरा.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही आम्ही म्हणणार नाही. शेंदूर शिशापासून करतात, आणि सुरम्याच्या दगडातही शिसं असतं. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. म्हणून बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका, असं डॉक्टर सांगतात, ते ऐकावं.

आणि गोंदण. कपाळावर, हनुवटीवर, हातावर. काजळी आणि सुया यांनी गोंदायचं. मेल्यावर बाईबरोबर दुसरं काही जात नाही, गोंदण तेवढं जातं, अशी समजूत होती. कितीतरी बायकांना आपलं गोंदण प्रिय आहे. पण ते बहुतेकींना लहानपणीच गोंदलं गेलं, आणि तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तोंड धुऊन न जाणाऱ्या गोष्टींची ही पहिली आठवण आहे. जे धुतल्यावर जात नाही, ते करण्याआधी जिचा चेहरा आहे तिला विचारायला हवं.

महाडच्या परिषदेतलं भाषण

अंगावरच्या आणि चेहऱ्यावरच्या खुणा कोण ठरवतं, या प्रश्नाचा मोठा धडा तर आपल्या महाडातच दिला गेला. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथे मनुस्मृती जाळली, तेही माहीत आहे. त्या डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर खास बायकांशी बोलले, त्याची आठवण मात्र कमी निघते.

त्या काळात दलित बायकांचं लुगडं नेसणं वेगळं होतं. गळ्यात भाराभर माळा, हातात कोपरापर्यंत चांदीचे किंवा कथलाचे दागिने. लांबूनच बघून लोक जात ओळखायचे. बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की हे नेसणं आणि हे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती पुसून टाका. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. वस्त्र फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. मुलींना शिकवा. बायकांनी ते मनावर घेतलं. तिथेच, त्याच मुक्कामात, बायका नव्या पद्धतीने लुगडी नेसून दिसू लागल्या.

कोणी म्हणेल, याचा फेशियलशी काय संबंध? संबंध आहे. त्या बायकांनी अंगावरचं कमी केलं आणि मान वर केली. दुसऱ्याने लादलेली खूण काढली. काय घालायचं आणि काय नाही, हे त्यांनी विचार करून ठरवलं. रूप खुलवण्यात वाईट काही नाही. पण ते आपण ठरवून करतो, की 'तू अशी आहेस म्हणून कमी आहेस' असं कोणीतरी म्हटलं म्हणून करतो, हा फरक महाडच्या मातीत शंभर वर्षांपूर्वी शिकवला गेला.

बरणी, डबी आणि ट्यूब

त्याच सुमारास मुंबईत दुसरी एक गोष्ट सुरू झाली होती. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' नावाचं क्रीम बाजारात आणलं. पांढरंशुभ्र, वासाचं, काचेच्या बरणीत. आपल्याकडच्या जुन्या बायका कुठल्याही क्रीमला 'स्नो' म्हणतात, तो शब्द अशाच बरण्यांवरून आला. त्याआधी चेहऱ्याला लावायचं घरात तयार व्हायचं. आता ते दुकानात मिळू लागलं.

१९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. परदेशी पावडर-लिपस्टिकवर देशाचं परकीय चलन खर्च होत होतं, म्हणून इथेच माल तयार व्हावा, हा त्यामागचा विचार. नाव फ्रेंच वाटतं, पण ते आपल्या लक्ष्मीचंच रूप आहे.

आणि १९७५ मध्ये आलं 'फेअर अँड लव्हली'. इथे गोष्ट बदलली. स्नो चेहऱ्याला मऊ करायचं, पावडर घाम टिपायची. ही ट्यूब मात्र सांगत होती, की तुझा रंगच चुकीचा आहे. जाहिरातीत सावळी मुलगी उदास, तिला नोकरी नाही, स्थळ नाही. क्रीम लावलं, रंग उजळला, की सगळं जुळून आलं. दूरदर्शनवर, मासिकात, नंतर पाच-दहा रुपयांच्या पुडीतून हे आपल्या वाडीवरच्या दुकानापर्यंत आलं.

खरं तर हे दुखणं त्या ट्यूबने जन्माला घातलं नाही. स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' हे शब्द आधीपासून होतेच. सावळी म्हणून मुलीला नाकारणं, सावळी म्हणून हुंड्याची मागणी वाढवणं, हे आपल्या गावांनी पाहिलेलं आहे. पण आधी जे चार लोक बोलायचे, ते आता रोज टीव्ही बोलू लागला.

बायकांनीच याविरुद्ध आवाज उठवला. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने नियम केला, की सावळ्या रंगाच्या माणसांना जाहिरातीत दुःखी किंवा कमी दाखवायचं नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्दच काढला गेला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झालं. डबीवरचं नाव बदललं. डोक्यातलं बदलायला वेळ लागतो.

आठ दिवसांत गोरं करणारं मलम

आता जपून ऐका, कारण इथे जीवाशी गाठ आहे.

बाजारात जी क्रीमं 'आठ दिवसांत फरक' म्हणून मिळतात, त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. हे औषध आहे, ते वाईट नाही. इसब किंवा त्वचेचा दुसरा आजार असेल तर डॉक्टर थोडे दिवस, मोजून देतात. पण गोरं व्हायला म्हणून ते महिनोन् महिने चेहऱ्याला लावलं, की सुरुवातीला चेहरा चकचकीत दिसतो आणि मग कातडी पातळ होते. उन्हात गेलं की लाल होते, आग होते. पुटकुळ्या येतात, ओठांवर-हनुवटीवर केस येतात. बंद करावं तर चेहरा आणखी पेटतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. या चक्रात अडकलेल्या इतक्या बायका दवाखान्यात येऊ लागल्या, की देशातल्या त्वचारोग डॉक्टरांच्या संघटनेने त्यासाठी मोहीम उघडली. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं ठरवलं. तरी दुकानात कोणी सहज काढून दिलं, तर ते घेऊ नये. आधीपासून लावत असाल, तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून बंद करावं.

दुसरं आहे पारा. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून गोरं दिसतं. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात बसतो. अकोल्यात एका घरातल्या आई आणि मुली असं क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरममधूनही असेच रुग्ण समोर आले. लक्षात घ्या, या कोणी हौशी-नखरेल बायका नव्हत्या. आपल्यासारख्याच घरातल्या होत्या. एकीने आणलं, चांगलं दिसतंय म्हणून दुसरीने लावलं. आपल्याकडेही एक डबी तीन घरांत फिरते.

आपल्याला एमआयडीसीमुळे रसायन काय असतं, ते थोडंफार कळतं. जपानमध्ये मिनामाता नावाचं एक गाव आहे. तिथल्या कारखान्याचं पाऱ्याचं पाणी खाडीत गेलं, माशांत गेलं, आणि मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत माणसं लुळी पडली, बाळं तशीच जन्मली. १९५६ मध्ये तो आजार ओळखला गेला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध जगाचा करार झाला. भारत २०१८ मध्ये त्यात सामील झाला. आपल्या देशाचा २०२० चा सौंदर्यप्रसाधनांचा नियम सांगतो, की चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा किलोला एका मिलीग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. जो पारा कारखान्याच्या गटारात चालत नाही, तो आपण विकत घेऊन गालाला का लावावा?

सुईचा इतिहास

सुयांबद्दलही थोडं सांगतो, कारण आपल्या मुली मोबाईलवर ते रोज बघतात.

सुई टोचून चेहरा भरायचा पहिला नाद युरोपात १९०० च्या सुमारास लागला. व्हिएन्नातल्या एका डॉक्टरने पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीत असतं त्या जातीचं मेण, पातळ करून टोचायची रीत काढली. सुरकुत्या भरल्या, नाकं सरळ झाली. लोकांची रांग लागली. काही वर्षांनी ते मेण आतल्या आत सरकलं, गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले. ते काढताही येईना. मेण आपल्या आज्याही लावायच्या, पण कातडीच्या वरून, कुंकवाखाली.

आज कपाळाच्या आठ्यांसाठी जे इंजेक्शन देतात, ते आधी तिरळ्या डोळ्यांसाठी निघालं. १९८७ च्या सुमारास कॅनडातल्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की डोळ्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांनी आणि त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञ नवऱ्याने त्यावर काम केलं. २००२ मध्ये अमेरिकेत त्याला आठ्यांसाठी परवानगी मिळाली. ते औषध स्नायू काही काळ ढिला करतं. साधारण तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, मग पुन्हा टोचायचं, पुन्हा पैसे. ओठ-गाल भरायचं इंजेक्शन वेगळं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, डोळासुद्धा जाऊ शकतो. म्हणून हे काम शिकलेल्या डॉक्टरचंच आहे. पार्लरच्या खुर्चीत ते कधीच करून घ्यायचं नाही.

आणि गंमत बघा. सुरुवातीला ज्यांनी भरपूर टोचून घेतलं, त्यांचे चेहरे गुळगुळीत झाले, पण हसू उमटेना, राग उमटेना. सगळ्यांचे ओठ एकसारखे, गाल एकसारखे. आता जगातले चांगले डॉक्टरच सांगतात, की कमी मात्रा द्या, एका वेळी एकच गोष्ट करा, दोन आठवडे थांबून बघा, लागलं तर पुढचं. चेहरा हलला पाहिजे, ओळखू आला पाहिजे. मेणाची चकती ठेवून माप घेणाऱ्या पुण्याजवळच्या त्या कारागिराचीच ही वाट आहे.

मग आपण काय करायचं?

नटू नका, असं आम्ही म्हणत नाही. भुवया नीट केल्या, चेहरा वाफ घेऊन स्वच्छ केला, लग्नात चार दिवस हौस केली, तर त्यात कोणाचं काय जातं? पार्लर चालवणारीही आपलीच कोणीतरी असते, कर्ज काढून खुर्ची-आरसा मांडलेली. तिचा धंदा चालावा आणि आपला चेहराही टिकावा, असं वागू.

ब्लीच करायचं तर एक-दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग करू नका. क्रीम घेताना डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि आत काय आहे, हे छापलेलं आहे का, ते बघा. नुसत्या पांढऱ्या डबीत भरून कोणी दिलं, तर नको म्हणा. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' असं कुठल्या क्रीमवर लिहिलं असेल, तर समजा त्यात पारा असू शकतो. बाईने सोनं काढून ठेवायचं आणि विष लावायचं, असा हा प्रकार आहे. बिल घ्या. डबी जपून ठेवा, म्हणजे त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवता येईल.

गालावर वांग असेल, तर त्याला कारण ऊन असतं, बाळंतपण असतं, कधी गोळ्या असतात. भातलावणीला, कापणीला जाताना डोक्यावर फडकं आणि वर टोपी किंवा इरलं, हा वांगावरचा पहिला उपाय आहे. पैसे असतील तर उन्हाचं क्रीम. आणि चेहरा फिका, निस्तेज, जिना चढताना धाप, असं असेल तर फेशियलचे पैसे आधी बाजूला ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, नाचणी, पालेभाजी, शेवग्याचा पाला यांनी चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्या ट्यूबमधून येत नाही.

गटातल्या मैत्रिणींनी आपसात तीन प्रश्न ठरवावेत, असं आम्हाला वाटतं. चेहऱ्यावर काहीही करायच्या आधी विचारायचं: हे धुतलं तर जाईल का? त्रास झाला तर मधेच थांबवता येईल का? आणि हे मला हवंय, की माझ्या रंगाला कोणी नाव ठेवलं म्हणून हवंय? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, तर फार घाबरायचं कारण नाही. 'नाही' आलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर 'नाव ठेवलं म्हणून' असं आलं, तर क्रीम आणायच्या आधी नाव ठेवणाऱ्याशी बोलायचं. ते एकटीने जमत नाही. त्यासाठीच तर गट आहे.

येत्या लगीनसराईत कुठल्या घरात मुलगी बघायला लोक येतील. कोणी म्हणालं, मुलगी जरा सावळी आहे, तर तिथे बसलेल्या आपल्यातल्या एकीने तरी मोठ्याने म्हणावं, "हो, आमच्याकडची आहे. अशीच आहे, आणि अशीच छान आहे." त्या मुलीच्या कानावर तेवढे शब्द पडू देत.